आधी नोंद, मग बंदोबस्त

(शहरातील चोऱ्या व झपटमारीच्या प्रश्नावर सरकारला द्यावयाच्या निवेदनाबाबत मंडळाच्या अभ्यासगटाच्या वतीने बैठकीत केलेले भाषण. जे सभासद येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी मजकूर येथे देत आहोत.)



गेल्या बैठकीत आपण ठरवले की इंदूर शहरातील चोऱ्या, घरफोड्या आणि झपटमारीबद्दल सरकारला निवेदन द्यायचे, आणि त्याचा मसुदा करण्याचे काम आमच्या अभ्यासगटाकडे सोपवले. आपण सूचना मागवल्या, त्या बऱ्याच आल्या. कोणी लिहिले चौकी वाढवा, कोणी लिहिले कॅमेरे लावा, कोणी लिहिले रात्रीची गस्त दुप्पट करा. काहींनी असेही लिहिले की चोरांचा भर बाजारातून जुलूस काढा आणि त्यांच्या घरावर बुलडोझर चालवा. आम्ही सगळ्या सूचना वाचल्या, मसुदाही केला. तो आज आपल्यासमोर ठेवायचा होता. पण मधल्या काळात एक गोष्ट कळली आणि तो मसुदा आम्ही बाजूला ठेवला. ती गोष्ट आधी सांगतो.

आपल्या एक ज्येष्ठ सभासद आहेत. आपण सगळे त्यांना काकू म्हणतो. संध्याकाळी देवळातून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातील सोनसाखळी ओढून नेली. आईकडून आलेली, दोन तोळ्यांची. काकू शेजारच्या मुलाला घेऊन ठाण्यात गेल्या. तिथल्या टेबलावरच्या माणसाने विचारले, गाडीचा नंबर दिसला का? नाही. चेहरे दिसले का? नाही. मग तो म्हणाला, अम्मा, एक आवेदन देऊन जा, आम्ही बघतो. आवेदन त्यानेच लिहिले. काकूंनी चष्मा नेला नव्हता. त्यांनी सही केली आणि घरी आल्या. घरी मुलाने कागद वाचला. त्यात लिहिले होते की साखळी रस्त्यात कुठेतरी पडून गहाळ झाली.

काही महिन्यांनी वर्तमानपत्रात फोटो आला. टोळी पकडली होती आणि टेबलावर दागिने मांडले होते. काकू पुन्हा ठाण्यात गेल्या. त्यांना विचारले, तुमची एफआयआर कुठे आहे? ती नव्हतीच. जप्त माल परत मिळतो तो न्यायालयाच्या हुकुमाने, आणि तोही चोरीची फिर्याद ज्याच्या नावावर आहे त्याला. गहाळ झालेल्या वस्तूचा चोरीशी संबंध काय? त्या दागिन्यांत काकूंची साखळी होती की नव्हती, हे पाहायचीही सोय उरली नाही.

मंडळी, पोलीस त्या टोळीपर्यंत पोहोचले. तरीही काकूंच्या हाती काही आले नाही. चौकी, कॅमेरा, गस्त यांतले काहीही काकूंच्या उपयोगी पडले नसते, कारण सरकारच्या दप्तरी त्यांची चोरी झालेलीच नाही.

हे ठाणे कोणते आणि तो कर्मचारी कोण, हे आम्ही सांगणार नाही. तो माणूस आळशी किंवा लाचखाऊ होता, असेही आम्हाला वाटत नाही. त्याने चोरीची नोंद केली असती तर महिनाअखेरीस टीआय साहेबांना वरून प्रश्न आला असता, तुमच्याकडे आकडा का वाढला? त्यांच्या वरिष्ठांना तोच प्रश्न भोपाळहून आला असता. मंत्र्यांना तो विरोधकांनी विधानसभेत विचारला असता. आणि विरोधकांना तो विचारायला कोणी लावले असते? वर्तमानपत्रांनी आणि आपण. आपल्याच वार्तापत्रात ‘आपल्या भागात गुन्हे घटले, पोलिसांचे अभिनंदन’ अशी चौकट आपण मोठ्या आनंदाने छापली होती. ते गुन्हे घटले होते की नोंदी घटल्या होत्या, हे आपण विचारले नाही. काकूंची साखळी त्या ‘घटलेल्या’ गुन्ह्यांसारखीच एक आहे.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे. सरकारने ठाण्याचे काम नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यावर जोखणे थांबवावे, आणि गुन्हा झालेल्या माणसाची नोंद होते की नाही यावर जोखावे. बाकीच्या मागण्या यानंतरच्या.

हा विचार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातील गुन्ह्यांचा अहवाल काढतो. गुन्हे वाढणे आणि पोलिसांनी गुन्ह्यांची नोंद अधिक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा तो विभाग स्वतःच अहवालात छापतो. आपण मात्र तो वगळून फक्त तक्ता वाचतो, कोणते शहर कितवे आले ते पाहतो, आणि त्यावरून भांडतो.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे पोलिसांची तपासणी करणारी स्वतंत्र संस्था आहे. २०१४ साली तिने इंग्लंड आणि वेल्समधील ठाण्यांकडे आलेल्या तक्रारी आणि झालेल्या नोंदी ताडून पाहिल्या. पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक गुन्हे नोंदलेच जात नव्हते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या आकड्यांवरची अधिकृत दर्जाची मोहर काढून घेतली होती. पुढे नोंदी सुधारल्या तेव्हा मारहाणीचे आकडे झपाट्याने चढले. पण तिथे १९८२ पासून घरोघरी जाऊन लोकांना थेट विचारणारी एक पाहणी होते: गेल्या वर्षात तुमच्यावर कोणता गुन्हा घडला? त्या पाहणीत तशी वाढ दिसली नाही. दप्तर पूर्वीपेक्षा खरे बोलू लागले होते, इतकेच. दुसरे माप हाताशी असल्यामुळे त्यांना हे ओळखता आले. आपल्याकडे असे नियमित माप नाही. २०१७ साली मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि चेन्नई या शहरांतील अशा एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चोरी झालेल्यांपैकी अगदी थोड्यांचीच एफआयआर झाली होती, असे त्यात आढळले. पण एकदा पाहणी झाली आणि थांबली, तर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

कोणी म्हणेल, नोंद म्हणजे कागद. कागदाने चोर पकडला जातो का? जातो, आणि त्याचे कारण साधे आहे. गुन्हे गावभर सारखे पसरलेले नसतात. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. पोलिसांना आलेल्या फोनांपैकी निम्मे फोन जेमतेम सव्वातीन टक्के पत्त्यांवरून आले होते. आपल्याकडेही असेच असणार, हे कोणताही अनुभवी हवालदार सांगेल: अमुक वळण, अमुक वेळ, अमुक बाजाराचा दिवस. गस्त कुठे ठेवायची हे त्या नोंदींवरून ठरते. काकूंची साखळी गेली ते वळण कोणत्याही नकाशावर नाही, मग तिथे शिपाई कशाला उभा राहील? कॅमेऱ्यांचेही तसेच. आमचा कॅमेऱ्याला विरोध नाही. पण बहुतेक ठिकाणचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. गुन्हाच नोंदला नाही तर ते चित्रण त्याआधी मागायला कोण जाणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण पुष्कळ सभासदांना हे ठाऊक नसते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी नोंद केलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आपल्या शहरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्त पद्धत आहे, तेव्हा इथे उपायुक्तांकडे जायचे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळवण्याचे बंधनही कलम १९३ मध्ये आहे. आणि झपटमारी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये आता स्वतंत्र गुन्हा आहे.

कायदा इतका स्पष्ट असताना काकूंचा कागद असा का झाला? कारण कायदा एक सांगतो आणि महिनाअखेरचा आकडा दुसरे सांगतो. नोकरी करणारा माणूस आकड्याचे ऐकतो.

सरकारला सल्ला देणाऱ्यांची आपल्या देशात कधीच वाण नव्हती. १९०२-०३ साली अँड्र्यू फ्रेझर यांचा पोलीस आयोग झाला. १९७७ ते १९८१ या काळात धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल दिले. १९९८ साली ज्युलिओ रिबेरो यांची समिती झाली, २००० साली पद्मनाभय्या समिती. शेवटी प्रकाश सिंग या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांसाठी वेगळी माणसे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण हे त्यांत आले. अनेक राज्यांनी ते अर्धेमुर्धे किंवा कागदापुरतेच पाळले. त्यामुळे आपल्या निवेदनाने आणखी एक अहवाल होऊन कपाटात जाऊन बसू नये, याचा विचार आम्हाला करावा लागला. काय चालते आणि काय चालत नाही, याचा पुरावा कुठे आहे का, हे आम्ही शोधले. तो शेजारच्या राजस्थानात सापडला.

२००५ ते २००८ या काळात राजस्थान पोलिसांनी अर्थशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन दीडशेहून अधिक ठाण्यांत काही सुधारणा करून पाहिल्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो त्या अभ्यासात होते, पुढे २०१९ साली ज्यांना नोबेल मिळाले तेच. काही ठाण्यांत कर्मचाऱ्यांच्या मनमानी बदल्या थांबवल्या. काही ठिकाणी तपासाचे आणि लोकांशी वागण्याचे प्रशिक्षण दिले. कुठे साप्ताहिक सुट्टी आणि कामाची आळीपाळी ठेवली, तर कुठे गावातील नागरिकांना ठाण्यात निरीक्षक म्हणून बसवले. शिवाय साध्या वेषातील माणसे खोटी तक्रार घेऊन ठाण्यात पाठवली, नोंद होते की नाही हे पाहायला. निष्कर्ष विचार करण्यासारखे आहेत. बदल्या थांबवणे आणि प्रशिक्षण यांचा उपयोग झाला. नागरिक निरीक्षक आणि साप्ताहिक सुट्टी या योजना ठाण्याच्या पातळीवर नीट राबवल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा परिणाम दिसला नाही. पण तक्रार घेऊन आलेला माणूस तपासणीचा असू शकतो, हे कळल्यावर पुढच्या भेटींत नोंदीचे प्रमाण वाढले.

आमच्या पहिल्या मसुद्यात ‘प्रत्येक ठाण्यात नागरिक समिती’ ही मागणी क्रमांक एकवर होती. आपल्यापैकी काहींना त्या समितीवर जायची हौसही होती. हा पुरावा वाचल्यावर आम्ही ती मागणी काढून टाकली.

राजस्थानचा दुसरा धडा २०१९ चा आहे. ठाण्याने नोंद नाकारली तर अधीक्षक कार्यालयातच एफआयआर घ्यावी, असा निर्णय तिथल्या सरकारने केला. त्या वर्षी नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा वाढला आणि विरोधकांनी एकच गदारोळ केला. नोंद मोकळी केली म्हणून आकडा वाढला, असे सरकार सांगत राहिले. तेव्हा सत्तेवर कोण होते आणि विरोधात कोण, हे महत्त्वाचे नाही. पक्ष उलटे असते तरी हेच झाले असते. प्रामाणिक नोंदीची शिक्षा सरकारला मतदार देतात, आणि सरकारला ते पक्के ठाऊक असते.

आपल्या मध्य प्रदेशाकडेही देण्यासारखे काही आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान असावा. लोकसेवा हमीचा कायदा देशात पहिल्यांदा केला तो मध्य प्रदेशाने, २०१० साली. मग इतर राज्ये आली, महाराष्ट्राने २०१५ साली केला. दाखला किती दिवसांत मिळेल, कोणता अधिकारी देईल, न दिल्यास अपील कुठे, हे त्यात ठरलेले आहे. उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होतो. तत्त्व असे की नाव, मुदत आणि दंड या तीन गोष्टी ठरल्या की काम हलते. उत्पन्नाच्या दाखल्याला जो न्याय, तो चोरीच्या फिर्यादीला का नको?

हे तत्त्व या मातीला नवे नाही. अहिल्याबाईंच्या काळात विंध्य-सातपुड्याच्या घाटांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची लूट होत असे. नुसत्या फौजेने ते थांबले नाही. बाईंनी भिल्लांचा वाटसरूंकडून अल्प कर घेण्याचा हक्क मान्य केला, तीच भिलकवडी. त्याबरोबर पडीक जमीन कसण्याची आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात हे नोंदवले आहे. कोणत्या हद्दीतल्या चोरीला कोण जबाबदार, हे ठरले होते. आणि हद्दीत चोरी झाली हे आधी मान्य करावे लागत होते.

आता दोन शंका. पहिली अशी की मोकळी नोंद केली तर खोट्या तक्रारींचा पूर येईल. नोंद म्हणजे अटक नव्हे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिक अटक करू नये, असे बजावले आहे. नोंद करून तपासात तथ्य नाही असे दिसले तर तसा अहवाल देता येतो, आणि खोटी माहिती देणे हा स्वतः गुन्हा आहे. दुसरी शंका बुलडोझरवाल्या मंडळींची. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की कोणी आरोपी आहे एवढ्यावरून त्याचे घर पाडता येत नाही, आणि पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस हवी. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. जुलूस निघाला, टाळ्या वाजल्या, काकूंच्या कागदावर काय बदलले?

तेव्हा निवेदनात आम्ही पाच मागण्या ठेवल्या आहेत.

१. ठाण्याचे किंवा अधिकाऱ्याचे मूल्यमापन नोंदलेल्या गुन्ह्यांच्या घटीवर करू नये, आणि तसा लेखी आदेश जाहीर करावा.

२. वर्षातून दोनदा पोलिसांबाहेरच्या संस्थेकडून ठाण्यांची चाचणी घ्यावी, साध्या वेषातील तक्रारदार पाठवून. निकाल ठाणेवार प्रसिद्ध करावा.

३. दर दोन वर्षांनी शहरात घरोघरी पाहणी करावी: तुमच्यावर कोणता गुन्हा घडला, तुम्ही ठाण्यात गेलात का, नोंद झाली का.

४. एफआयआरची प्रत आणि नव्वद दिवसांतील तपासाची माहिती या दोन्हींना लोकसेवा हमीच्या धर्तीवर नाव, मुदत आणि दंड लागू करून तो कसोशीने वसूल करावा.

५. टीआयला दोन वर्षांच्या आत सबळ कारणाशिवाय हलवू नये, आणि ठाण्याच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला तक्रार लिहून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे.

यांत मोठा खर्च कोणत्याच कलमाला नाही. हे निवेदन आपण शासनाला देऊ, सगळ्या पक्षांच्या आमदारांना देऊ आणि आपल्या पार्षदांनाही देऊ. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार मंडळात येईल, त्याला पहिल्या मागणीवर हो की नाही एवढेच विचारू. मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही आणि होणार नाही. पण प्रश्न विचारणे हे आपले काम आहे.

पण सरकारकडून मागण्याआधी आपणही काही कबूल केले पाहिजे, म्हणून या ठरावाला आम्ही दोन कलमे आपल्या स्वतःसाठी जोडली आहेत. एक असे की मंडळाच्या वार्तापत्रात ‘गुन्हे घटले’ किंवा ‘गुन्हे वाढले’ अशी बातमी नुसत्या पोलिसी आकड्यावरून यापुढे छापायची नाही. ज्या ठाण्याने मोकळी नोंद सुरू केली आणि म्हणून त्याचा आकडा चढला, त्या ठाण्याच्या बाजूने मंडळ उभे राहील. सगळे शहर त्याला नावे ठेवत असले तरीही. हे म्हणायला सोपे आहे, त्या दिवशी करायला अवघड जाईल. म्हणून आजच हात वर करून ठरवू या.

दुसरे असे की मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दोन सभासद बसतील. ज्याच्याकडे चोरी झाली त्याच्याबरोबर ते ठाण्यात जातील. भांडायला नव्हे. लिहिलेला कागद सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवायला, आणि प्रत घेऊनच परतायला. नावे आजच वहीत लिहावीत. पहिले नाव काकूंनी दिले आहे. त्या म्हणाल्या, माझी साखळी आता येत नाही, पण दुसऱ्या कुणाचा कागद तरी मी चष्मा लावून वाचीन.

ठराव मताला टाकावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि आमचे बोलणे संपवतो.

जय हिंद!